सुप्रभाचा नंबर

दिवा मोठा करू नका, एवढा पुरे आहे. गोष्ट तशी साधीच सुरू होते. माझ्या मुलीला रायफलवर बसवायला एक दुर्बीण हवी होती आणि ती निवडायला मी तिच्याबरोबर गेलो होतो.

मी डोळ्यांचा सर्जन. सगळी नोकरी कॉव्हेंट्रीत झाली, निवृत्तही तिथेच झालो. दुसऱ्यांच्या दृष्टीबद्दल आयुष्यभर छातीठोकपणे बोललो. स्वतःच्या दृष्टीबद्दल, आणि हल्ली स्वतःच्या डोक्याबद्दलही, मला तेवढी खात्री नाही. म्हणून सांगताना 'मला वाटतं' असं पुन्हापुन्हा येईल. सांभाळून घ्या.

ऋजुता, माझी मुलगी, स्कॉटलंडमध्ये हरणांचं काम बघते. तिकडे हरणांना खाणारं जनावर उरलेलं नाही. कळप वाढले की नवं रोप उगवू देत नाहीत, म्हणून दर हिवाळ्यात काही माद्या माराव्या लागतात. ते तिचं काम. लंडनजवळच्या एजवेअरच्या शाकाहारी नातेवाइकांना मी अजून 'ती फॉरेस्ट्रीत आहे' एवढंच सांगतो. माझी बायको सुप्रभा त्यावर हसायची. "अहो, सांगून टाका की. केकमधलं अंडं चालतं त्यांना, बंदूकही चालेल."

सुप्रभा गेली आणि पुढच्याच हिवाळ्यात आमच्या मागच्या अंगणातलं अक्रोडाचं झाड पाडावं लागलं. मुळं शेजाऱ्याच्या गॅरेजखाली शिरली होती. त्या झाडावरची पाखरं बघत ती स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून असायची, चष्मा कपाळावर, दुर्बीण डोळ्यांना. जुन्या पद्धतीची जड दुर्बीण. दोन डोळ्यांना दोन वेगळ्या कड्या, ज्याने त्याने आपल्या नंबराप्रमाणे फिरवायच्या. सुप्रभाचे दोन्ही डोळे सारखे, उणे अडीच. नंबर मीच काढलेला. ती कड्या आपल्या नंबरावर आणायची आणि तशाच ठेवून द्यायची. मी दुर्बीण उचलली की सगळं धुरकट. कुरकुर केली की म्हणायची, "दुर्बीण माझी, डोळे तुमचे. तुम्ही फिरवा."

ती गेल्यापासून दुर्बीण त्याच खिडकीत आहे. कड्यांना मी हात लावला नाही.

झाडाचं खोड मात्र ऋजुता घेऊन गेली. वेल्सच्या सीमेजवळ गॅरेथ प्रॉबर्ट नावाचा एक बंदुका घडवणारा आहे. उंच, बडबड्या, स्वतःच्या कामावर बेहद्द खूश माणूस. त्याच्या माळ्यावर त्या फळ्या काही वर्षं वाळत पडल्या होत्या. या वर्षी त्याने त्यातून रायफलचा दस्ता, म्हणजे नळी बसते ते खांद्याला लावायचं लाकूड, कोरला. साध्या रायफलचं लाकूड नळीच्या निम्म्यापर्यंत येऊन थांबतं. ऋजुताला ते पार नळीच्या तोंडापर्यंत हवं होतं.

"लांब लाकूड ओल पिऊन हलतं," प्रॉबर्टने बजावलं होतं. "निम्म्यावर कापू द्या, नेम चुकणार नाही."

"आईचा झाड आहे," ऋजुता मला म्हणाली. तिचं मराठी कॉव्हेंट्रीच्या शाळेत वाढलेलं. "अर्धा नाही कापायचा, बाबा."

दुर्बीण निवडायला प्रॉबर्टकडे गेलो तेव्हा ते लाकूड मी पहिल्यांदा हातात घेतलं. मधासारखा रंग, त्यातून धुरासारख्या वर चढत गेलेल्या काळ्या रेषा. त्या झाडाखाली मी कित्येक उन्हाळे पेपर वाचत बसलो होतो आणि त्याच्या आत हे आहे याची मला कल्पनाही नव्हती. का कोण जाणे, मी आवाज खाली आणून बोलू लागलो.

दुर्बिणी तीन होत्या. मी माझ्या जुन्या क्लिनिकमधला अक्षरांचा तक्ता नेला होता. तो प्रॉबर्टच्या अंगणापलीकडच्या गोठ्याच्या भिंतीवर टांगला आणि दिवस मावळताना आम्ही एकेका दुर्बिणीतून ओळी वाचत बसलो. पहिली मोठी, लहान-मोठं करता येणारी. दुसरीत आकड्यांची नुसती गर्दी. तिसरी साधी, सहापट मोठं दाखवणारी, काचा मोठ्या. उजेड पार गेला तरी हिच्यात शेवटून दुसरी ओळ उभी होती.

"हीच," मी म्हणालो. "अंधारात डोळ्याला जितका उजेड घेता येतो तितका ही देते. बाकीच्या नुसत्या मिरवायच्या."

"डॉक्टर, तुम्ही माझा धंदा बुडवणार," प्रॉबर्ट म्हणाला. "महागडी ती पहिली होती."

त्याने ती दुर्बीण रायफलवर चढवली. ऋजुताचे डोळे निर्दोष, म्हणून डोळ्याजवळची कडी मी शून्यावर आणून दिली. प्रॉबर्टने चहा आणला. चहा झाल्यावर ऋजुताने रायफल खांद्याला लावली आणि लगेच खाली घेतली.

"ब्लर आहे. बाबा, तुम्ही फिडल केलं ना परत?"

कडी उणे अडीचवर होती.

मी सॉरी म्हटलं. मीच फिरवली असणार. हात सवयीने काय करतात ते माणसाला कुठे कळतं?

नोव्हेंबरात मी तिच्याकडे राहायला गेलो. डोंगरउतारावर दगडी घर, मागे पाइनचं रान, पुढे काळं पाणी. सकाळी कळपातले नर ओरडायचे आणि तो आवाज छातीच्या फासळ्यांत वाजायचा. रायफल तिच्या खोलीत पोलादी कपाटात. इथल्या कायद्याने परवाना तिचा, म्हणून किल्ली फक्त तिच्याजवळ. ती कुठे असते हे घरातल्या माणसालासुद्धा कळता कामा नये. कळलं आणि पोलिसांना ते समजलं, तर परवाना जातो. परवान्याबरोबर नोकरी आणि नोकरीबरोबर ते घरही.

दुसऱ्या दिवशी तिने कपाट उघडलं. कडी उणे अडीचवर. तिने ती शून्यावर आणली. त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा तेच.

जेवताना तिने ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "बाबा, रागवू नका. किल्ली तुम्हाला माहिती आहे का?"

"नाही."

"शुअर?"

किल्ली मला माहीत नव्हती, निदान तशी आठवण नव्हती. पण गेल्या वर्षभरात मी गॅस चालू ठेवून बाहेर पडलो होतो, मेव्हण्याचं नाव विसरलो होतो. ज्या माणसाला स्वतःचा भरवसा नाही त्याने 'शुअर' कसं म्हणायचं?

"मला वाटत नाही," मी म्हणालो.

तिचे डोळे भरून आले. "तुम्ही घेतली असेल तर मला सांगावा लागेल पोलिसांना. आणि मग तुम्ही त्या घरात एकटे नाही राहू शकत. मेमरी क्लिनिकला जाऊ आपण. घर विकू."

खिडकी, अंगण, सगळं. मी मान हलवली. तिचं काही चुकत नव्हतं. मी रोग्यांना हेच सांगत आलो होतो.

"एक कर," मी म्हणालो. "उद्या मला बरोबर ने. रायफल तूच काढ, कडी तूच लाव, आणि वर हे चिकटव." माझ्या बॅगेतली ड्रेसिंगची पांढरी चिकटपट्टी मी तिला दिली. "मी रायफलच्या जवळ येणार नाही."

सकाळी तिने माझ्यासमोर कडी शून्यावर आणली, कडी आणि नळकांडं मिळून वर पट्टी चिकटवली, नखाने घट्ट दाबली. रायफल तिच्या खांद्यावर, मी मागे. धुकं वर सरकत होतं. ओल्या शेवाळाचा आणि कुजक्या नेच्याचा वास. पाय टाकला की जमीन खालून पाणी सोडायची. दुपार कलली तेव्हा आम्ही एका उंचवट्यावर पालथे पडलो. पलीकडच्या उतारावर एक मादी एकटीच चरत होती.

ऋजुताने पाठीवरची पिशवी पुढे ठेवली, त्यावर रायफल, आणि गाल लाकडाला लावला. तिचा श्वास संथ झाला. मग अचानक तो थांबला.

"बाबा..." ती कुजबुजली. "ब्लर..."

पट्टी जागच्या जागी होती. एक सुरकुती नाही, कुठे सुटलेली नाही. तिने नखाने ती सोलून काढली. पट्टीखालची खूण उणे अडीचवर होती.

ती रडेल असं मला वाटलं. पण तिने शांतपणे रायफलचा बोल्ट, ज्याशिवाय गोळी सुटत नाही, ओढून बाहेर काढला, खिशात टाकला आणि बाजूला सरकली. "तुम्ही बघा. डोळ्याचा डॉक्टर तुम्ही आहात."

मी दोन्ही हात छातीखाली घेतले आणि नुसता डोळा लावला. सुप्रभा गेल्यानंतर माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, उजव्या डोळ्याने दूरचं लख्ख दिसतं. उणे अडीचवर मला धुकं दिसायला हवं होतं.

मला सगळं दिसत होतं. कसं सांगू? इतकं स्पष्ट मी कधी पाहिलेलं नाही. गवताची पाती सुटी सुटी, त्यांच्या टोकांवरचं पाणी, मादीच्या पापणीचे केस, तिच्या नाकपुडीतून निघून विरणारी वाफ. या काचांची ती ताकदच नाही, हे मी शपथेवर सांगेन. डोंगर जणू कुणी नुकताच धुऊन समोर ठेवला होता. भीती वाटली नाही, अजून नाही. देवळात गाभाऱ्याशी उभं राहिल्यावर जसं बोलवत नाही, तसं झालं होतं.

मग चित्र हललं.

मादी हळूहळू कडेला गेली, बाहेर गेली. दृष्टी उतारावरून सरकत चालली... थांबत, पुन्हा निघत, फांदीमागून फांदी शोधावी तशी. ती चाल मी ओळखत होतो.

"ऋजुता... रायफलला हात लावू नकोस."

"नाही लावला." तिचा आवाज अगदी कानाशी होता. "माझे दोन्ही हात तुमच्या पाठीवर आहेत, बाबा..."

चित्र नेच्याच्या एका तांबड्या झुपक्यावर येऊन थांबलं. त्यात दोन कान होते. मग एक ओलं नाक. मादीचं पाडस, त्या वर्षीचं. निजलेलं.

काचेवर कडेने वाफ धरली आणि विरली. पुन्हा धरली, विरली. मी श्वास रोखून धरला होता.

मी ऋजुताला सांगितलं. तिने गळ्यातल्या स्वतःच्या दुर्बिणीतून पाहिलं, मी सांगत होतो तिथे. बराच वेळ तिला दिसेना. मग पाडस उठून उभं राहिलं. त्याची आई मारली गेली असती तर ते थंडीत उपाशी मेलं असतं, आणि असं होऊ दिलं तर ऋजुताच्या धंद्यात त्याला माफी नसते.

"मला दिसला नव्हता," ती पुटपुटली. "मी मारली असती..."

"उणे अडीच," मी म्हणालो, "हा तुझ्या आईचा नंबर आहे."

तिने लाकडावर, गाल टेकतो त्या जागी, तळवा ठेवला आणि चटका बसल्यासारखा उचलला. पुन्हा ठेवला आणि तसाच राहू दिला. मीही हात लावून पाहिला. बर्फाचा वारा सुटला होता. तेवढीच जागा कोमट होती.

उतरताना ती म्हणाली, "किल्लीचं सॉरी, बाबा." थोड्या वेळाने, "आई कधीच परत फिरवायची नाही ना, बायनॉक्युलर?"

"कधीच नाही."

"मग मी पण नाही फिरवणार." तिला हसायचं होतं, पण ते जमलं नाही.

घर विकायचं राहिलं. मी कॉव्हेंट्रीला परत आलो. घर बंदच होतं, किल्ली दुसऱ्या कुणाकडे नाही. चहा ठेवला आणि सवयीने खिडकीशी गेलो. बाहेर झाडाचा बुंधा, कापलेला, शेवाळलेला. कट्ट्यावर दुर्बीण, तिच्या जागी.

कड्या फिरलेल्या होत्या.

उजवी शून्यावर. डावी अधिक पाऊणवर.

ऑपरेशननंतर माझे दोन डोळे सारखे राहिले नाहीत. उजव्याला नंबर नाही, डाव्याला अधिक पाऊण. हे माझ्या सर्जनला आणि मला माहीत आहे. सुप्रभाला माहीत असायचं काही कारण नाही. ती जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

मीच फिरवल्या असतील. मी विसरतो, तुम्हाला सांगितलंच आहे. पण सगळ्या संसारात ज्या बाईने एकदाही ती दुर्बीण माझ्या डोळ्यांना लावून ठेवली नाही, तिच्या दुर्बिणीच्या कड्या आता माझ्या नंबरावर आहेत, आणि तोंड अंगणाकडे, जिथे झाड होतं तिकडे. मी डोळे टेकवायचे, एवढंच बाकी आहे.

अजून टेकवलेले नाहीत. पण रोज सकाळी बघतो, तर दुर्बिणीची काच आतल्या बाजूने, माझ्या बाजूने, स्वच्छ पुसलेली असते.