रणातला लाल ठिपका

जेसंगभाईचा धाकटा भाऊ विरम मिठाच्या ओसाड रणात कुठेतरी मोडक्या पायाने पडून होता, आणि त्याला जिवंत परत आणणे हाच आमच्या त्या प्रवासाचा एकमेव हेतू होता. पहाटे त्याने भावाच्या फोनवर आपले ठिकाण पाठविले होते: नकाशावर एक लाल ठिपका, आणि खाली चार शब्द, ‘पाय मोडला. गाडीखाली आहे.’ त्यानंतर त्याचा फोन मूक झाला. अवकाळी पावसाने आमच्या बाजूचे रण चिखलमय झाले होते. ट्रॅक्टर जाणे अशक्य. म्हणून आम्ही तिघे पायीच निघालो: मीठ पिकविणारा जेसंगभाई, त्याची पत्नी रामूबेन, आणि मिठागरातल्या मुलांना तीस वर्षे संस्कृत शिकविलेला मी.

मध्यान्ही भूमी आणि आकाश यांतील सीमारेषा वितळून गेली. चहूकडे तीच पांढरी, निःशब्द पृथ्वी. ना वृक्ष, ना वाट, ना खूण. त्या ठिपक्यावाचून आम्ही नेत्रहीनच होतो.

आणि पायाखालचा पापुद्रा फुटला! जेसंगभाई छातीपर्यंत खाऱ्या गाळात गेला! रामूबेनने ओढणी फेकली. मी पालथा पडून टोक धरले. ओढले. पुन्हा ओढले! तो बाहेर आला. परंतु त्याच्या खिशातला, आम्हा तिघांतला एकुलता एक फोन गाळाने भरून निष्प्राण झाला होता.

“आता काय बघून जायचं?” तो किंचाळला. त्याने घाईघाईने मागचे झाकण उघडले, बॅटरी काढली, आणि फोन शेजारच्या कोरड्या मिठात खुपसला. “मीठ पाणी ओढतं, मास्तर. तासाभरात कोरडा होईल!”

मलाही ते पटले. रामूबेनला पटले नाही.

“अक्कल गाळातच राहिली का तुमची?” तिने फोन उपसून काढला. “हंगाम संपला की खारं पाणी उपसायच्या पंपाला मीठ चोळता, की गोड्या पाण्यानं धुता?”

“अगं, तो लोखंडाचा!”

“मग ह्याच्या पोटात काय, बाजरीचा रोटला आहे? मिठानं खाल्लेले पंप बघितलेत मी. ह्या चिमुरड्याला कितीसा वेळ लागेल?”

तिने कॅनचे बूच काढले. तिघांचे मिळून पाणी तेवढेच होते!

“पोरी, बुडालेल्याला पुन्हा बुडवतेस?” मी व्याकूळ होऊन विचारले.

“मास्तर, तुम्ही मुलं शिकवा. यंत्र मला धुवू द्या.”

ज्या एकाग्रतेने तिने ती बारीक धार धरली, तशी एकाग्रता मी देवाच्या अभिषेकातही क्वचितच पाहिली आहे. कॅनच्या तळाशी दोन घोट उरले. मग ओढणीच्या सावलीत, उष्ण वाऱ्यावर फोन ठेवून आम्ही बसलो. दोन तास! विरम तिकडे उन्हात, आणि आम्ही इकडे नुसते बसलेलो!

“आता तरी बॅटरी घाल! त्याचा जीव जातोय!” जेसंगभाई ओरडला.

“ओल्यात घातली तर हाही जाईल, आणि तोही. बसा खाली!”

अखेर तिने बॅटरी बसविली. बटण दाबले. काही नाही. पुन्हा दाबले. काही नाही! जेसंगभाईने कपाळ जमिनीला टेकले. तिसऱ्यांदा पडदा थरथरला, उजळला! आमचा निळा ठिपका, आणि नैर्ऋत्येस तो लाल!

“सूर्याच्या डावीकडे! अडीच कोस!” मी ओरडलो, आणि काठीने भूमीवर रेघ ओढली. रेघ पुरी होते न होते तोच पडदा विझला. तो पुन्हा कधीच उजळला नाही.

“त्याचं काम झालं,” रामूबेन म्हणाली. “चला!”

सूर्य उजव्या खांद्यावर ठेवून आम्ही चाललो. घसे जळत होते. कॅनला कोणीच हात लावला नाही. तसे कोणी ठरविलेही नव्हते. दिवस कलताना टणक जमिनीवर आडवी मोटरसायकल दिसली. तिच्याखाली विरम. श्वास चालू होता!

आम्ही गाडी उचलली. जेसंगभाईने तिचे चाक काढून टायर पेटविला. काळा धूर आकाशात चढला, आणि थोड्याच वेळात क्षितिजावरून गस्तीवरच्या वनरक्षकांच्या जीपची धूळ आमच्याकडे वळली.

रामूबेनने विरमचे मस्तक मांडीवर घेऊन ते दोन घोट त्याला पाजले. त्याने डोळे उघडले, रिकामा कॅन हलवून पाहिला.

“एवढंच आणलंत, भाभी?”

“बाकीचं तुझ्या भावाच्या फोनला पाजलं,” ती म्हणाली, आणि त्या दिवसात प्रथमच रडली.