उरलेले तीन फोटो

"झाकण काढलंत तर फोटो येतील बहुतेक."

मी वळून पाहिलं. शर्यती सुरू करून देणारे सर... गळ्यात शिट्टी, गुडघ्यापर्यंत दुमडलेली विजार आणि कसंबसं आवरलेलं हसू. धाकट्या बहिणीच्या भाषेत 'शिट्टी सर'.

मामांनी दिलेला जुना जपानी कॅमेरा घेऊन मी सकाळपासून पोहण्याच्या तलावाकाठी रुबाबात फिरत होते. गार, जड, हातात घट्ट बसणारा. त्यात बघायची खिडकी वेगळी आणि भिंग वेगळं. त्यामुळे भिंगावर झाकण असलं तरी आपल्याला सगळं लख्ख दिसतं. जवळजवळ अख्खा रोल अंधारात गेला होता. उरले होते तीन फोटो, आणि बहिणीची अंतिम शर्यत अजून व्हायची होती.

"बघू?" त्याने कॅमेरा घेतला, डोळ्याला लावला आणि माझ्यावर रोखला. "मधल्या पिवळ्या चौकोनात तुम्ही दोन-दोन दिसताय."

"भिंगाची कडी फिरवा. दोघी एकमेकींवर बसल्या की झालं."

त्याने फिरवली—फार हळू. मग बोटं थांबली, पण कॅमेरा काही खाली येईना.

"बसल्या?"

"केव्हाच."

माझे कान तापले. मी कॅमेरा जवळजवळ हिसकावूनच घेतला.

अंतिम शर्यतीला बहीण ठोकळ्यावर उभी राहिली. मी पलीकडच्या काठावरून कडी फिरवत होते. तिच्या शेजारी त्याने शिट्टी ओठांशी नेली... आणि थेट माझ्याकडे पाहिलं. बोट कधी दाबलं गेलं, कळलंच नाही. आवाजही इतका हलका, की चोरी पचावी. अंगठ्याने रोल पुढे सरकवायचा खटका ओढला, पुन्हा दाबलं. पुन्हा ओढला. लोकांचा गलका उठला तेव्हा भानावर आले. बहीण पहिली आली होती आणि माझा रोल संपला होता.

फोटो आणायला आम्ही दोघी स्टुडिओत गेलो, तर तो आधीच हजर. फोटो मिळायचा दिवस त्याने बहिणीकडून काढून घेतला होता म्हणे. बहिणीने पाकीट उघडलं.

"ताई, मी कुठाय? हा माझा खांदा. आणि हे... शिट्टी सर, शिट्टी सर, शिट्टी सर." तिने आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि शहाण्यासारखी बाहेर जाऊन उभी राहिली.

"फोकस चुकला," मी पुटपुटले.

"कुठे? पापण्या मोजता येतायत." फोटोवरची नजर न काढता तो म्हणाला, "एक सांगू? त्या शर्यतीची शिट्टी मी उशिरा वाजवली. पोरी ठोकळ्यावर ताटकळल्या."

"का?"

"तुझा फोटो काढून व्हायचा होता ना..."

'तुझा'. त्याच्याही ते बोलून गेल्यावर लक्षात आलं. तो गडबडला, शिट्टी नसलेल्या गळ्याशी उगाच चाचपू लागला.

"मला नवा रोल घ्यायचाय," मी म्हटलं. "येतोस?"