बालविभागाचं छत

ग्रंथालयाच्या बालविभागाचं दार चुकून उघडलं गेलं, तेव्हा गोष्टीतला राजा नुकताच विहिरीत पडला होता. सुट्टीतल्या शिबिराचा तिसरा दिवस. सतरंजीवर चोवीस मुलं आणि मधोमध ती, मुलांची गोष्टताई.

"माफ करा... तळघर कुठे आहे?" दारातल्या तरुणाने विचारलं. हातात टॉर्च, गळ्यात ओळखपत्र. तळघरात ओल आल्याची तक्रार होती, ती पाहायला आलेला इंजिनिअर.

"जिना उतरून डावीकडे. आणि दार हळू लावा, राजा आधीच घाबरलाय."

मुलं खिदळली. तोही हसला... पण हलला नाही. त्याची नजर तिच्यावरून सरकत छतावर गेली आणि तिथेच थबकली. हसू मावळलं. तो जवळ आला, पुस्तकात डोकावल्यासारखा वाकला आणि हळूच म्हणाला, "वर बघू नका. गिलावा फुगलाय, कधीही सुटेल. मुलांना बाहेर काढा. पळापळ नको — हादरा बसला तर..."

तिने वर बघितलं नाही. आवाजही हलू दिला नाही.

"तर मुलांनो, राजाला वर काढायला मुंग्या निघाल्या. कोण कोण होणार मुंगी? पण मुंग्या भिंतीच्या कडेने चालतात हं, एका रांगेत... आणि अजिबात बोलत नाहीत."

रांग निघाली. वरून पांढरी भुकटी झरू लागली होती. मध्येच एकाला शिंक आली आणि तिचा जीव टांगणीला लागला. व्हरांड्यात येताच तिने डोकी मोजली. तेवीस. पुन्हा मोजली. तेवीसच.

"टिल्ली..." सगळ्यांत धाकटी. ती गोष्टीच्या मध्येच सतरंजीवरून सरकत कपाटामागच्या उशांवर जाऊन हमखास झोपायची.

गोष्टताई आत धावणार, तोच त्याने तिचं मनगट धरलं. "तुम्ही इथेच थांबा. तुम्ही गेलात तर ही सगळी तुमच्या मागे येतील."

तो आत गेला. ती दाराकडे बघत राहिली. आणि धाडकन आवाज झाला, दारातून धुळीचा लोट बाहेर आला. मुलं तिला बिलगली.

मग धुळीतून तो आला. नखशिखांत पांढरा, कपाळ खरचटलेलं, खांद्यावर टिल्ली.

"गोष्ट संपली?" टिल्लीने डोळे चोळत विचारलं.

गोष्टताई पायरीवर मटकन बसली. हसावं की रडावं, तिला कळेना.

शिबिर वाचनकक्षात हलवलं गेलं. दुरुस्तीवर देखरेख त्याचीच. तो रोज यायचा, नेमका गोष्टीच्या वेळेला, आणि मुलांच्या मागे मांडी घालून बसायचा.

"काम तिकडे चाललंय," ती म्हणायची.

"तिकडचं बघून झालं." एवढं बोलताना त्याचे कान लाल व्हायचे.

समारोपाच्या दिवशी मात्र तो आलाच नाही. मुलांचं नाटुकलं झालं, टाळ्या झाल्या. तिचे डोळे दाराकडे. उद्यापासून त्याला यायला निमित्तच उरणार नव्हतं... आणि आजही नाही? शेवटचे आईवडील मुलाला घेऊन गेले. ती एकटीच सतरंजी आवरायला लागली, तेव्हा दारात चाहूल लागली.

"उशीर झाला. म्हणजे... तासभर बाहेरच उभा होतो."

"का?"

"काम संपलं, हे सांगायचं होतं. ते सांगितलं की मग इथे यायचं काही—"

"काम चार दिवसांपूर्वीच संपलंय. गवंडी मला सांगून गेले."

तो गडबडला. "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुम्ही आला नसतात." आता तिला मागे फिरायचं नव्हतं. "त्या दिवशी तुम्ही आत गेलात ना... तेव्हा मी नुसती टिल्लीची वाट बघत नव्हते."

त्याचे कान पुन्हा लाल झाले. मग हळूच म्हणाला, "मी उद्या येऊ?"

"उद्या ग्रंथालय बंद आहे."

त्याचा चेहरा पडला.

"म्हणून तर म्हणते, घरी या. आईला सांगून ठेवलंय."

त्याने पुढे होऊन सतरंजीचं दुसरं टोक उचललं.