येळवशीची ग्रामसभा

येळवशीच्या दुपारी कस्तुराबाई शेतातून घरी निघाली ती बाजरीचे उंडे आणायला. पाहुणे वाढले होते, आणि उंड्यांची एक दुरडी घरीच राहिली होती. उमरग्याच्या शिवारात येळवस, म्हणजे वेळा अमावस्येचा सण, आला की अख्खं गाव रानात. कडब्याची खोपटासारखी कोप घालायची, पाच दगडांना चुना लावून पांडव म्हणून पुजायचे, आणि बांधावरून जाणाऱ्या कुणालाही हाताला धरून भज्जी-आंबील खायला बसवायचं. त्या दिवशी गावातली कुत्रीसुद्धा माणसांमागं रानात गेलेली असतात.

वाट नदीकाठानं होती. ह्याच नदीवर सरकारचं धरण येणार. बुडणार हे गाव, आणि पाणी जाणार बोगद्यातून लांब, जिथं आधीच उसाचे पाट भरून वाहतात. वा रे न्याय. मोजणीची माणसं आली तेव्हा कस्तुराबाईनं लेकाला आणि गावातल्या बायकांना घेऊन रस्त्यातच बैठक मारली होती. "सभेत गावानं हो म्हणल्याबिगर काय बी होत न्हाय, आई," असं लेकानं, इंद्रजितनं, तिला समजावलं होतं. आणि गाव काही हो म्हणणारं नव्हतं.

ती वेशीतून आत आली, तर समाजमंदिरापुढं जीप उभी. ड्रायव्हरलाही कुणीतरी जेवायला रानात ओढून नेलं असणार. आतून माईकवरचा आवाज येत होता.

"धरणाला ज्यांची हरकत असेल, त्यांनी हात वर करा."

कस्तुराबाई जागच्या जागी थांबली. सभा, आणि आज? मग तिच्या ध्यानात आलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. रिकाम्या सतरंजीला विचारायचं, हरकत आहे का. कुणी बोललं नाही की एकमतानं मंजूर. सणाचा दिवस हुडकून काढला मुडद्यांनी. दरोडेखोर परवडले, निदान तोंड बांधून येतात.

पदर खोचून ती दाराकडं निघाली. चार शिव्या ओठावर तयार होत्या. पण आतला आवाज बदलला होता.

"खाली बसा... एकेकानं बोला. अहो, बसा म्हणतो ना..."

तिनं आत डोकावलं. सतरंजी रिकामीच होती. टेबलामागं धरणाचे साहेब, मोजणीला आलेले तेच, माईक धरून एकटे उभे होते. आणि वास येत होता. विहीर उपसताना तळाचा गाळ वर यावा, तसला. आठवड्यांमागून आठवडे पावसाचा टिपूस नव्हता, समाजमंदिराची फरशी कोरडी ठणठणीत होती.

"कुणासंगं बोलताव ओ?" कस्तुराबाईनं विचारलं.

साहेबांनी तिच्याकडं पाहिलं. मग सतरंजीच्या पुढच्या बाजूला पाहिलं. मग पुन्हा तिच्याकडं.

"तुम्ही बाहेर कशा, मावशी? तुम्ही तर... इथं बसलाय."

"म्या?"

"भिजलाय तुम्ही. सगळेच भिजलेत... नाकातोंडातनं पाणी येतंय. तुमच्या शेजारी तुमचा मुलगा. त्या दिवशी मोजणी अडवली होती, तो..."

आत्ताच तर इंद्रजितला कस्तुराबाईनं आंबील वाढली होती. त्याचं हसणं तिच्या कानात होतं. पळत जाऊन त्याला बघून यावं, असं तिला फार वाटलं. भ्याली ती, खोटं कशाला सांगा. पण भीतीच्याही वर राग चढला.

"आमी अजून जित्ते हाव, सायेब," ती म्हणाली. "तुमच्या धरणानं आमचं काय व्हणार, ते दिसतंय न्हवं तुम्हाला? मग नीट बघा. माझ्या लेकाकडं बघा."

"मला जाऊ द्या... दारात उभे आहेत ते."

दारात कस्तुराबाईशिवाय कुणी नव्हतं.

"हरकत इचारली न्हवं तुम्ही? हात वर हायत का त्यांचे?"

"...आहेत."

"मग मोजा. म्या कुठं बसलेय?"

साहेबांनी बोट दाखवलं. कस्तुराबाई गेली आणि नेमकी तिथंच बसली. सतरंजी कोरडी होती, पण अंगातलं लुगडं जड झालं आणि गारठा हाडात शिरला. शेजारी तिनं बघितलं नाही. हात तेवढा वर केला.

साहेब मोजू लागले. माईक चालूच होता. साहेबांचा आवाज चढत गेला, आकडे पार रानात ऐकू गेले, तशी माणसं कोपी सोडून पळत आली आणि दारात दाटली. पुढं इंद्रजित, त्याच्यामागं निकिता, त्याची नवी बायको. साहेब एकेका चेहऱ्याकडं बघत, मग सतरंजीवर त्याची जागा शोधत आणि पुढं मोजत. निकितापाशी ते अडले.

"ही... हिच्या कडेवर लेकरू आहे," ते कस्तुराबाईच्या मागं बघत म्हणाले. "त्यानंही हात वर केलाय. ते हिशेबात धरू का, मावशी?"

निकिताचा हात आपसूक पोटावर गेला. तिनं अजून कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

कस्तुराबाईनं सुनेकडं पाहिलं. वर केलेला हात तिनं खाली घेतला नाही.

"धरा," ती म्हणाली. "त्याची बी हरकत हाय."