झिजलेला खटका

रसिक वाचकहो! प्रस्तुत कथेत एका वयोवृद्ध मोटारीच्या दरवाज्याचा खटका कसा झिजला, तो कोठेही मिळेनासा झाल्यावर नव्याने कसा घडविला गेला, आणि त्या खटपटीत एका मिस्त्रीच्या जिवाची तगमग कशी झाली, याचा वृत्तान्त यथामती निवेदन करावयाचा आहे. या कथेत मरण नाही, मारामारी नाही. आहे ती केवळ एक बेचैनी. परंतु ज्याने ती भोगली आहे, त्यास ती लहान वाटणार नाही.

भंगाराच्या आवारात दुपारचे ऊन पत्र्यापत्र्यावर चमकत होते. आपला मिस्त्री तेथे कोणा गिऱ्हाइकासाठी बिजागरी शोधावयास गेला होता. तोच मोडक्या मोटारींच्या रांगेतून धपकन् आवाज आला, आणि पाठोपाठ – "अगं आई गं!"

तो धावला. बघतो तो एक तरुणी जमिनीवर बसलेली; हातात दरवाज्याची मूठ, केसांत गंजाची भुकटी, आणि नाकावरचा चष्मा तिरका.

"लागलं का?" त्याने विचारले.

"मला नाही. पण ह्या दरवाज्याला मेल्याला काही लागतच नाही! केव्हाची ओढतेय."

"ओढून नाही निघायचा तो. त्याची समजूत काढावी लागते."

"मग काढा की! बघू तरी, कशी काढतात."

मिस्त्रीने गुडघे टेकले, दोन ठिकाणी हलकेच ठोकले, चार स्क्रू सोडविले आणि आतले कुलूप अलगद काढून तिच्या तळहातावर ठेवले. ती हसली... आणि मिस्त्री ज्या बिजागरीसाठी आला होता, ती बिजागरी तो तेथेच विसरून गेला.

ती चष्म्याच्या दुकानात काम करीत असे. काचा घासणे, दांड्या बसविणे हा तिचा व्यवसाय. तिचे वडील, निवृत्त ड्रॉइंग मास्तर, यांच्याकडे याच जातीची दोन दरवाज्यांची जुनी मोटार होती. ती बनविणारा कारखाना केव्हाच बंद पडलेला. चालकाशेजारच्या दरवाज्याचा खटका झिजून इतका बोथट झाला होता की वळण आले की दरवाजा आपोआप उघडे.

"मग मी दोरी धरून बसते," ती म्हणाली. "लोकांना वाटतं, बैल हाकतेय."

"दुसऱ्या गाडीने का जात नाही?"

"मला दूरच्या शहरात मोठ्या दुकानात नोकरी लागलीय. बाबांचा हट्ट, लेकीला सोडायला जाईन तर ह्याच गाडीतून. आई त्या दरवाज्याशेजारच्या जागेवरच बसायची ना... आणि रस्ता सगळा डोंगरातला."

मिस्त्रीने कुलूप निरखून पाहिले. त्याची चौकट गंजाने खाल्ली होती, आणि खटका तिच्यातच रुतून बसला होता. ते बसविण्याजोगे नव्हते. परंतु खटक्याच्या कडा शाबूत होत्या.

"हे कुलूप नाही चालायचं. पण खटक्याचं माप मिळालं. ह्यावरून नवा घडवता येईल. कधी जाणार तुम्ही?"

"महिनाअखेर."

"मग त्याच्या आत देतो," तो बोलून गेला. आणि बोलता क्षणी, का कोण जाणे, त्याच्या काळजात कानस फिरल्यासारखे झाले.

पोलादाचा तुकडा व्हाइसच्या पकडीत आवळून तो रोज घासू लागला. संध्याकाळी दुकान सुटले की ती येई, उलट्या डब्यावर बसे आणि भिंग लावून खटका तपासे.

"ही कड जाड आहे अजून."

"डोळे आहेत की काय आहे!"

"डोळ्यांवरच पोट आहे आमचं. तुमचेही तपासून देईन. परवापासून बघतेय, जिथे बघायचं तिथे बघत नाही तुम्ही."

मिस्त्रीचे कान लालबुंद झाले. कानस घसरून अंगठ्याला लागली. तिने पदरमोड केल्यासारखा आपला चष्मे पुसण्याचा मऊ रुमाल दिला – "घ्या. आणि परत द्यायचा, बरं का. धुऊन."

त्याने तो धुतला, वाळविला, घडी केली. परंतु परत मात्र दिला नाही.

कामचुकारपणा त्याच्या रक्तात नव्हता. खटका जसजसा आकारास येई, तसतसा महिनाही सरत होता. रात्री जेवताना घास हातातच राही.

"भावजी, मीठ कमी आहे की गाडी मोठी बिघडली आहे?" वहिनीने एकदा विचारले.

"गाडी दुरुस्त होत आलीय, वहिनी."

"मग असं तोंड का? लोक दुरुस्त झाल्यावर हसतात हो!"

खटका दुरुस्त झाला की ती जाणार; आणि जाण्यापूर्वी बोलावे, तर शब्द फुटेना. दिवसा हात कामात आणि जीव टांगणीला, अशी त्याची अवस्था होती.

अखेर खटका बसला. मास्तरांनी मोटार गॅरेजात आणून चालकाची बाजू भिंतीला अगदी चिकटवून उभी केली, आणि स्वतः बाहेर खुर्ची टाकून वर्तमानपत्र उघडले. कामासाठी काढलेले काच वरखाली करण्याचे हँडल अद्याप बाहेर टेबलावरच होते. मिस्त्री आत सरकून चालकाच्या जागी बसला. ती शेजारी बसली आणि तिने दरवाजा ओढला.

खट्ट!

काय तो आवाज! भरीव, नेमका, सुरेल.

"अगदी नवा वाटतो," ती हळूच म्हणाली.

"आता उघडून बघा."

तिने मूठ फिरविली. दरवाजा हलेना. मिस्त्रीने वाकून फिरविली. हलेना. खांद्याने रेटला. हलेना!

"मिस्त्री," ती म्हणाली, "हे मुद्दाम केलंत?"

"शप्पथ नाही! तेवढी अक्कल असती तर आधीच नसतो का..." तो मध्येच थांबला. मग काच वाजवून ओरडला, "काका! दरवाजा अडकलाय!"

मास्तरांनी वर्तमानपत्राआडून मान वर केली, प्रसन्नपणे हात हलविला आणि पुन्हा वाचू लागले.

आत जुन्या गादीचा वास, आणि तिच्या श्वासाने काचेवर धरलेले धुके...

"सोमवारी जाते मी," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"एवढंच?"

मिस्त्रीने स्टिअरिंग घट्ट धरले, जणू मोटार वेगात होती.

"वळणावर तुम्हाला दोरी धरावी लागू नये, म्हणून मी हा खटका घासत होतो. आणि तो पुरा झाला की तुम्ही जाणार, म्हणून... म्हणून मला झोप नाही."

"पहिलं कळलं. दुसरं नीट सांगा."

"मला तुम्ही हव्या आहात!" तो एकदाचा बोलला. "नोकरीला जरूर जा. अडवणार नाही. पण मी इथे वाट बघत असेन, हे ठाऊक असून जा."

तिने चष्मा काढला, डोळे पुसले, आणि म्हणाली, "रुमाल परत दिला नाहीत, तेव्हाच मला वाटलं होतं. मीही मागितला नाही... तुमच्या लक्षात नाही आलं?"

आणि तिने पर्स उघडून चष्म्याचा बारीक स्क्रूड्रायव्हर त्याच्या हाती ठेवला.

"हा... हा होता तुमच्याकडे?"

"पहिल्यापासून. माझ्या कामाचं हत्यार आहे ते, कुठे जाईल?"

मिस्त्री हसावे की रडावे, या विवंचनेत पडला. त्याने ते पाते फटीत सारून खटका मागे रेटला, दरवाजा उघडला. चूक त्याला तत्काळ उमगली. खटका त्याने कारखान्याच्या मूळ मापाचा केला होता. पण दरवाजा ज्या खांबाला मिटतो, त्यावरची खाच तर जुन्या खटक्याबरोबर वर्षानुवर्षे झिजून वाकडी झाली होती.

"आमच्याकडे असंच असतं," ती म्हणाली. "जुन्या चष्म्याला नवी दांडी तशीच बसवली तर अडते. समोरचं किती झिजलंय ते बघून घासायची."

दोघांनी मिळून खटक्याची कड त्या खाचेच्या मापाने घासली. भिंग तिचे, कानस त्याची.

"काका, तुम्हाला खरंच ऐकू आलं नाही?" मिस्त्रीने भीत भीत विचारले.

"ऐकू नाही आलं," मास्तर वर्तमानपत्राची घडी घालीत म्हणाले. "पण जन्मभर मुलांना चेहरे काढायला शिकवले मी. काचेतून दोन दिसत होते."

सोमवारी मास्तरांनी मिस्त्रीस मागच्या आसनावर बसविले. डोंगरातील एकाही वळणावर दरवाजा हलला नाही. दोरी ती बरोबर घेऊन गेली; निरोप घेताना एवढेच म्हणाली, "ही माझ्याजवळ राहू दे. पत्र लिहायला आळस केलात तर ओढून आणायला."

परतताना पुढची जागा रिकामी होती. वळण आले की मिस्त्रीचा हात मागून दरवाज्याकडे जाई. दरवाजा पक्का होता. त्याचेच चित्त ठिकाणावर नव्हते.

"काका," तो शेवटी म्हणाला, "ह्या खटक्याला दर रविवारी तेल द्यावं लागेल."

"द्या की. गाडी माझ्या दारातच असते."

"नुसतं तेल देऊन भागत नाही. नंतर डोंगरातून चालवून बघावी लागते. थेट... तिथवर."

मास्तरांनी गाडी बाजूला घेतली आणि थांबविली.

"पुढे येऊन बसा," ते म्हणाले. "रस्ता नीट पाहून ठेवा. माझे डोळे आता पूर्वीसारखे नाहीत. रविवारी तुम्हीच चालवायची."

मिस्त्री पुढे येऊन बसला आणि त्याने दरवाजा ओढला. खट्ट!

वाचकहो, येथे माझे निवेदन पूर्ण झाले. माझ्या ओबडधोबड शब्दांस आपण आपला बहुमोल वेळ दिलात, याबद्दल मी अंतःकरणपूर्वक आभारी आहे. आपणांस कधी कोणाची ओढ लागली, तर वाट सुरळीत होवो, हीच सदिच्छा.

आपला नम्र,
गॅरेजकर