कंदीलवालीचा श्वास

शेजारच्या घरात काय चाललंय हे कळल्याशिवाय मला जेवण गोड लागत नाही, हे आमच्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे त्या दिवशी दुपारी शेजारची धाकटी दारात येऊन, माझ्यासोबत स्टुडिओत याल का, असं विचारू लागली तेव्हा मी कशाला, किती वेळ, काहीच विचारलं नाही. गॅस बंद केला, चपला सरकवल्या आणि निघाले.

आधी तिचं सांगते. या दोघी बहिणी. आईवडील लवकर गेले, थोरलीनंच धाकटीला वाढवलं. थोरलीचं काम आवाजाचं. बाहेरच्या देशातून आलेल्या मालिकांमधल्या पात्रांना ती आपल्या भाषेत बोलकं करायची. त्यातल्या एका मालिकेनं तर पोरांना पार वेड लावलं होतं. राक्षसांशी लढणारी शाळकरी मुलं, उडणारे घोडे, बोलणारी झाडं. मी एकदा त्याला कार्टून म्हटलं तर दोघींनी एका सुरात मला दुरुस्त केलं होतं, काकू, ॲनिमे म्हणायचं.

त्या मालिकेत एक कंदीलवाली होती. धुक्यात वाट चुकलेल्या आत्म्यांना नदीपलीकडे पोचवायचं तिचं काम. एकेका भागात तिच्या वाट्याला जेमतेम दोन वाक्यं यायची, पण थोरली ती अशी काही म्हणायची की पोरं नायकाला सोडून तिच्याच मागे लागली. शेवटी त्या कंदीलवालीवर वेगळा सिनेमाच निघाला, अख्खा तिचा. बातमी आली तेव्हा थोरली अंथरुणाला खिळलेली होती. सिनेमा इकडे येऊन पोचला तोवर ती राहिली नव्हती.

तेव्हापासून धाकटीच्या तोंडाला कुलूपच लागलं. दूधवाल्याशीसुद्धा मानेनं बोलायची. दोघींचा आवाज इतका सारखा की फोनवर मी नेहमी फसायचे, आणि काम तर थोरलीनं तिला हाताला धरून शिकवलेलं. म्हणून स्टुडिओनं कंदीलवालीसाठी तिलाच बोलावलं. पण माइकसमोर गेली की तिला शब्दच फुटेनात. एकदा गेली, तशीच परत आली. पुन्हा गेली, पुन्हा तेच. आज जमलं नाही तर काम दुसऱ्या मुलीला द्यायचं ठरलं होतं. मला काळजी कामाची नव्हती. ही पोरगी आज तिथून मुकी परतली तर कायमचीच मुकी होईल, असं मला वाटत होतं.

रिक्षात ती बाहेर बघत एवढंच बोलली, "काकू, तिथं उभं राहिलं की वाटतं, मी ताईचं काहीतरी चोरतेय."

मी तिचा हात धरून ठेवला.

आवाजाची ती खोली मी पहिल्यांदाच पाहत होते. जाड दार लागलं आणि बाहेरची दुपार कापून टाकल्यासारखी नाहीशी झाली. भिंतींना काळा स्पंज, पायाखाली गालिचा, समोर पडदा, आणि कागद ठेवायच्या स्टँडवर एक बारकासा दिवा. आवाज येतो म्हणून एसी बंद. माझं घड्याळसुद्धा काढून घेतलं, टिकटिक येते म्हणे. हवा हलत नव्हती. माइकवरच्या स्पंजला आजवर तिथं बोललेल्या माणसांच्या तोंडाचा वास साठून राहिला होता. शांतता तर अशी की स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू यावं.

काचेपलीकडे दिग्दर्शिका बाई आणि दाढीवाला रेकॉर्डिस्ट. धाकटी एकटी आत थांबेना म्हणून मला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं. मी मधे मधे बोलू नये म्हणून असेल, रेकॉर्डिस्टनं माझ्याही कानाला हेडफोन लावून दिला.

चित्र सुरू झालं. धुकं, नदी, हातात कंदील घेतलेली ती लहानशी मुलगी. तिचे ओठ उघडायचे आणि धाकटीचे शब्द मागाहून यायचे. दर वेळी उशीर. बाई समजावत होत्या, ओरडत नव्हत्या, पण आवाजातलं अवसान संपत चाललेलं कळत होतं. शेवटी त्या म्हणाल्या, अजून एकदा करू, मग थांबू.

दिवा मंद झाला. चित्र पुन्हा सुरू.

आणि माझ्या कानात कुणीतरी श्वास घेतला.

बोलण्याआधी माणूस घेतो ना, तसा. छोटा, भरलेला. त्याच क्षणी धाकटी बोलली आणि शब्द कंदीलवालीच्या ओठांवर नेमके बसले. पुढच्या वाक्याआधी पुन्हा तो श्वास, पुन्हा शब्द जागच्या जागी. झोका देताना पाठीवर हात ठेवावा, तसं चाललं होतं. मला वाटलं, पोरीला सूर सापडला. आनंदानं माझे डोळे भरून आले.

मग चढणीचं दृश्य आलं. त्यात बोलणं नाही. कंदीलवाली नुसती डोंगर चढतेय, धापा टाकतेय. माझ्या कानात त्या धापा चालू होत्या, एकेका पावलाला एक. मी कौतुकानं धाकटीकडे पाहिलं.

ती बाटली तोंडाला लावून पाणी पीत होती.

मी नजर वळवली नाही. वळवताच येईना. तिचा घसा पाण्याच्या घोटांनी हलत होता आणि कानात धापा चालूच होत्या... डोंगर संपेपर्यंत.

रेकॉर्डिस्ट खुशीत म्हणाला, चढावरचे श्वास फारच छान, आता वेगळे घ्यायला नकोत. मग हेडफोनमधून बाईंचा आवाज आला, अगदी हळू.

"तू... पाणी पीत होतीस ना?"

रेकॉर्डिस्टच्या चेहऱ्यावरचं हसू विरलं. मालिकेतलं थोरलीचं जुनं रेकॉर्डिंग चुकून लागलंय का ते त्यानं तपासलं. त्या मशीनवर मालिका कधी आलीच नव्हती.

धाकटीनं माझ्याकडे पाहिलं. "काकू, तुम्हालाही...?"

मी मान हलवली. आता ही दार उघडून पळणार, आणि तिच्या पुढे मी, असं मनात आलं. पण तिनं हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर घट्ट दाबला. डोळे मिटून ऐकलं.

"ताई रागावली नाहीये," ती म्हणाली. मग काचेकडे वळून, "पुढचं लावा."

पुढचं दृश्य नदीकाठचं. कंदीलवाली एका भेदरलेल्या आत्म्याला निरोप देते. पडद्यावर ओठ उघडायची वेळ आली. मी श्वासाची वाट पाहत होते, धाकटीही पाहत होती. कानात काहीच आलं नाही. नुसती शांतता. आणि तेवढ्यात पोरीची छाती भरून वर आली, तिचा तिनं श्वास घेतला आणि बोलली, "भिऊ नकोस. पुढे रस्ता आहे."

काचेपलीकडे बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले.

सिनेमा लागला तेव्हा मी अख्ख्या इमारतीतली पोरं घेऊन गेले. धाकटी आता बडबडते, भाजीवाल्याशी वाद घालते, मलाच टोमणे मारते. तिला दुसरीही कामं मिळू लागली. सकाळी तिचा सराव सुरू झाला की मी खिडकी उघडी ठेवते.

गेल्या आठवड्यात ती कामाला निघाली होती. नव्या मालिकेतलं एक लांबलचक वाक्य जिभेवर बसत नाही म्हणून वैतागलेली. गॅसची नळी बदलायला माणूस येईल म्हणून किल्ली माझ्याकडे दिली. मी तिला जिना उतरताना पाहिलं, खिडकीतून रिक्षात बसतानाही पाहिलं. माझ्या नजरेतून काय सुटतंय.

दुपारी गॅसवाला आला. मी त्याला घेऊन तिच्या दाराशी गेले, किल्ली कुलपाला लावली आणि थांबले. आत सराव चालला होता. तेच लांबलचक वाक्य. हळू, तुकड्या-तुकड्यानं, पुन्हा पुन्हा, एखाद्याला शिकवावं तसं.

गॅसवाल्यालाही ऐकू येत होतं. तो म्हणाला, घरात आहेत की त्या, बेल वाजवा.

जन्मात पहिल्यांदा मला दुसऱ्याच्या घरात डोकवावंसं वाटलं नाही. मी किल्ली काढून मुठीत घट्ट धरली.

"उद्या या," मी त्याला म्हटलं. "आत काम चाललंय."