साडेचारचा गजर

"फोन गेलो! दादाचो फोन गेलो!"

गंधार ओरडतच अंगणात आला. शेजारची ओवी आणि वर्गातला मितेश सुट्टीतल्या मॅचसाठी बॉलमध्ये हवा भरत होते. दोघांनी पंप टाकलाच!

तो बटणांचा जुनाट फोन त्यांना ठाऊक होता. त्यात फुटबॉलचा एकच गेम. गोव्याच्या हॉस्पिटलात जाताना केयूरदादाने फायनल एक-एक बरोबरीत थांबवली होती. "दुसरो हाफ मी परत इल्यार. हात लावशीत तर बघ!" असं म्हणून गेलेला दादा परत आलाच नाही. गंधार फोन रोज चार्ज करायचा, पण गेमला त्याने बोट लावलं नव्हतं.

"चोर!" मितेश कुजबुजला.

"चोर टब ठेवन जाता काय?" ओवीने विहिरीकडे बोट दाखवलं. तिथे नवाकोरा निळा टब! जुने मोबाईल घेऊन टब देणारा फेरीवाला सकाळीच कर्ण्यावर ओरडत गेला होता.

सायकली सुटल्या! टब मितेशच्या डोक्यावर. तारकर्लीच्या रस्त्यावर, माडांच्या सावलीत फेरीवाला सापडला. गाडीला फोनांनी भरलेलं पोतं.

"यातला तुमचा कुठला? सगळे सारखेच!"

"आमचो हाक मारल्यार ओ देता," ओवी म्हणाली. "ओ दिल्यान तर फोन परत देतलास?"

"बंद फोन ओ देतो?" तो पोट धरून हसला. "देईन की! मार हाक!"

ओवीने घड्याळ पाहिलं. "जरा थांबा. झोपलोहा तो."

साडेचार वाजले आणि पोत्यातून शिट्टी आणि ढोल! दादाने प्रॅक्टिससाठी लावलेला गजर बंद फोनमध्येही वाजायचा. फेरीवाल्याने कान पकडले आणि टब घेऊन फोन दिला.

घरी बाबा पायरीवर बसले होते.

"बाबा, तुमी दिलास?"

"होय रे. रोज तो वाजता, माका वाटता केयूर इलो. मी दाराकडे बघीत रवतंय. सोसवत नाय."

बाबा कधी रडले नाहीत, म्हणजे त्यांना काही वाटतच नाही, असं गंधार वर्षभर समजत होता. त्याला हुंदका आवरेना. त्याने फायनलची गोष्ट सांगितली. बाबांना ती माहीतच नव्हती.

"पोरांनो, शाबास! माझी चूक तुमी निस्तरलास," बाबा म्हणाले. मग त्यांनी गंधारला जवळ ओढलं. "आता शिकय माका. गोल खंयच्या बटणान मारतत?"

"पाच. पण दादान हात लावूक नको सांगलेल्यान. रागावतलो."

"रागावलो तर येवंदे माका रागावूक," बाबा म्हणाले. "येवंदे तरी."

बाबांची बोटं भलत्याच बटणांवर पडत होती. ओवी आणि मितेश ओरडून ओरडून दमले. फायनल चार-एक अशी गेली.

"हरलो रे," बाबांचे डोळे वाहत होते.

"एक गोल आसा ना," गंधार म्हणाला. "तो दादाचो."

बाबांनी फोन पुसून चार्जिंगला लावला. गजर तसाच ठेवला.